बुरशीने पचवलेले पीठ: चिनी वैद्यकातील शेन-छू

पावाला बुरशी लागली की तो टाकून दिला जातो. चीनमधील पारंपरिक औषधांच्या दुकानात मात्र गव्हाच्या पिठावर मुद्दाम बुरशी वाढवून, त्याच्या वड्या वाळवून आणि भाजून त्या अजीर्णावरचे औषध म्हणून विकल्या जातात. या औषधाचे नाव शेन-छू. तपकिरी, खडबडीत, चौकोनी तुकडे आणि त्यांना आंबूस-खमंग वास, असे त्याचे रूप. भात, शेवया, पीठ वाफवून केलेले पाव यांचा अतिरेक होऊन पोट गच्च झाले, आंबट ढेकर येऊ लागले, भूक मेली, की चिनी वैद्य हे औषध सुचवतात. धान्य न पचल्याने जो त्रास झाला, त्यावर पुन्हा धान्याचाच पदार्थ देण्यात काय अर्थ, असा प्रश्न इथे साहजिकच पडतो. त्याचे बरेचसे उत्तर बुरशी जेवते कशी यात आहे.

## बुरशीचे जेवण

गहू, तांदूळ, ज्वारी या धान्यांतला मोठा भाग पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा असतो. ग्लुकोज या साध्या साखरेचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडून पिष्टाची लांब साखळी बनते. ही साखळी आहे तशी रक्तात शिरू शकत नाही. ती आधी तुटावी लागते. तोडण्याचे काम करणाऱ्या प्रथिनांना विकरे म्हणतात. पिष्ट तोडणारे विकर म्हणजे अमायलेज. ते लाळेत असते, म्हणूनच पोळीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागू लागतो. पुढे जठरातल्या आम्लाने लाळेतले अमायलेज थंडावते आणि उरलेले काम लहान आतड्यात, स्वादुपिंडातून येणाऱ्या अमायलेजवर पडते. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ तोडण्यासाठी वेगळी विकरे असतात.

बुरशीलाही हेच करावे लागते, पण तिला तोंड नाही आणि पोटही नाही. ती आपल्या तंतूंमधून विकरे थेट बाहेर, पिठात सोडते. पिठातली साखळी बाहेरच तुटते आणि तयार झालेली साखर बुरशी शोषून घेते. माणूस अन्न आत घेऊन मग पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग आत घेते. त्यामुळे बुरशी वाढलेल्या पिठाच्या वडीत दोन गोष्टी साठतात: थोडेफार पचलेले पीठ आणि पचवणारी विकरे. वडी सावकाश व कमी उष्णतेवर वाळवली, तर पाणी निघून जाते आणि विकरे सुप्तावस्थेत टिकून राहतात. पुन्हा ओलावा मिळाला की ती कामाला लागतात.

## दारूच्या कोठीतून औषधालयात

या वडीचा शोध औषधासाठी लागला नाही. तिचे मूळ दारू गाळणाऱ्यांच्या कोठीत आहे. द्राक्षात साखर तयारच असते, त्यामुळे यीस्ट, म्हणजे किण्व, तिचे सरळ मद्य बनवते. धान्यात असते पिष्ट, आणि यीस्टला ते तोडता येत नाही. इजिप्त, मेसोपोटेमिया आणि पुढे युरोपातल्या लोकांनी धान्याला मोड आणून ही अडचण सोडवली, कारण मोड येताना दाणा स्वतःच अमायलेज तयार करतो. चीनमध्ये प्रामुख्याने रुळली ती बुरशीची वाट. धान्याच्या वडीवर बुरशी आणि यीस्ट एकत्र वाढवायचे, ती वडी वाळवून ठेवायची आणि शिजवलेल्या धान्यात तिचा चुरा मिसळायचा. या वडीला छू म्हणतात. दुधाला जसे विरजण, तशी धान्याला छू. फरक इतकाच की विरजण ओले असते आणि लवकर वापरावे लागते, तर छू कोरडी असल्याने कितीतरी महिने टिकते.

सहाव्या शतकात ज्या सिशिए या अधिकाऱ्याने लिहिलेल्या ‘छीमिन याओशू’ या शेतीविषयक ग्रंथात छू बनवण्याच्या अनेक रीती तपशीलवार दिल्या आहेत. त्यातल्या सर्वात जोरकस प्रकाराला शेन-छू म्हटले आहे. तो किती जोरकस, याचा हिशेबही ग्रंथात आहे: एक माप शेन-छू तीस मापे धान्य आंबवते, तर साधी छू फक्त सहा मापे. एका रीतीत गहू तीन सारख्या वाट्यांत घेतात. एक वाटा वाफवलेला, एक भाजलेला आणि एक कच्चा.

या कृतीला विधींची जोड होती. ठरावीक दिवशी सूर्योदयापूर्वी पाणी भरायचे, वड्या मुलांकडून वळून घ्यायच्या, अस्वच्छ माणसाला कामाला लावायचे नाही, पिठाचे पाच ‘छू-राजे’ करून ते चार दिशांना आणि मध्यभागी मांडायचे, प्रार्थना म्हणायची आणि खोलीचे दार मातीने लिंपून बंद करायचे. यातल्या काही नियमांचा उपयोग आज सहज समजतो. हात स्वच्छ असले आणि बाहेरचा वारा आत आला नाही, तर नको असलेले जंतू कमी शिरतात. लिंपलेल्या दारामुळे आतली ऊब आणि दमट हवा टिकते.

चिनी वैद्य सुरुवातीला दारूचीच छू औषधात वापरत. पुढे केवळ औषधासाठी वेगळी छू बनू लागली. सोळाव्या शतकातला प्रसिद्ध वैद्य ली शिचेन याने आपल्या ‘बेन्त्साओ गांगमू’ या औषधकोशात हा बदल नोंदवला आहे आणि औषधासाठी केलेल्या छूचा गुण जास्त असल्याचे म्हटले आहे. हा ग्रंथ १५७८ मध्ये पूर्ण झाला आणि १५९६ मध्ये नानचिंगला छापला गेला. त्यात सोंग काळातील विद्वान ये मेंगदे (१०७७–११४८) याच्या लेखनातून घेतलेली शेन-छूची कृती आहे. आजची कृती मुख्यतः तिच्यावरच बेतलेली आहे.

## सहा घटक, सहा दैवते

या कृतीत सहा घटक आहेत, म्हणून औषधाला लिऊ-शेन-छू असेही म्हणतात. प्रत्येक घटक एका दैवताशी जोडलेला आहे. गव्हाचे पांढरे पीठ पश्चिमेच्या श्वेत व्याघ्राचे, छिंगहाओ या वनस्पतीचा हिरवा रस पूर्वेच्या नील नागाचा, लाल अझुकीचे पीठ दक्षिणेच्या तांबड्या पक्ष्याचे, तर जर्दाळूच्या बीतला वाटलेला गर उत्तरेच्या कृष्णयोद्ध्याचा. त्सांग-अर आणि रानटी लिआओ या दोन तणांचे रस उरलेल्या दोन दैवतांचे: गोउछन आणि उडता सर्प थंगशे.

यातल्या काही वस्तू मराठी वाचकाला फार परक्या नाहीत. अझुकी हे मूग, उडीद आणि चवळी यांच्याच प्रजातीतले बारीक लाल कडधान्य आहे. त्सांग-अर म्हणजे झँथियम. त्याची आकडेदार फळे जनावरांच्या केसांना आणि माणसांच्या कपड्यांना चिकटतात. हे तण महाराष्ट्रातही पडीक जमिनीवर उगवते. रानटी लिआओ पाणथळ जागी वाढते आणि तिची पाने जिभेला झोंबतात. छिंगहाओ म्हणजे आर्टेमिसिया ॲन्युआ. याच वनस्पतीतून चिनी संशोधक तू योयो यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हिवतापावरचे आर्टेमिसिनीन वेगळे केले आणि त्यासाठी २०१५ मध्ये तू योयो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शेन-छूमध्ये छिंगहाओचा रस अगदी थोडा पडतो आणि त्याचा हेतूही वेगळा असतो, त्यामुळे ते हिवतापाचे औषध ठरत नाही.

दैवते बाजूला ठेवून पाहिले, तर ही यादी बुरशीच्या सोयीची दिसते. पीठ तिला पिष्ट देते, कडधान्य प्रथिने देते, जर्दाळूचा गर तेल आणि प्रथिने देतो. जितके वेगवेगळे अन्न समोर, तितकी वेगवेगळी विकरे बुरशीला सोडावी लागतात. ताज्या पाल्याचा रस ओलावा पुरवतो आणि पानांवरचे रानटी सूक्ष्मजीवही सोबत आणतो. दक्षिण चीनमध्ये दारूसाठी तांदळाच्या पिठाची छू करतानाही लिआओचा पाला वापरतात.

## वडी कशी तयार होते

जुन्या कृतीत १०० जिन पिठाला प्रत्येकी ३ शंग रस, कडधान्याचे पीठ आणि गर घ्यायला सांगितले आहे. मिंग काळातल्या मापांनी हे अंदाजे ६० किलो पीठ आणि प्रत्येकी ३ लिटर होते. तिन्ही रस मिळून जेमतेम ९ लिटर, म्हणजे पोळ्यांची कणीक मळायला लागते त्याहून कितीतरी कमी पाणी. मिश्रण मुठीत दाबले की गोळा व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा, अशी कारागिरांची खूण आहे. यामागचे कारण साधे आहे. बुरशीला हवा लागते. पीठ जास्त ओले झाले तर कणांमधल्या फटी बुजतात, हवा आत जात नाही आणि बुरशीऐवजी सडवणारे जिवाणू माजतात. पीठ फार कोरडे राहिले तर काहीच वाढत नाही.

हे मिश्रण साच्यात दाबून विटांसारख्या वड्या पाडतात. त्या कागदी तुतीसारख्या झाडांच्या पानांत गुंडाळून, उबदार बंद खोलीत रचून, वरून गवत किंवा गोणपाट झाकतात. तापमान साधारण ३० ते ३७ अंश सेल्सिअस आणि हवा दमट राहील, असे पाहतात. बुरशी वाढू लागली की तिची स्वतःचीही उष्णता तयार होते, त्यामुळे वड्या वरखाली कराव्या लागतात. काही दिवसांत पृष्ठभागावर पांढरट-पिवळे तंतू पसरतात. जुन्या ग्रंथांत याला पिवळे वस्त्र म्हटले आहे, आणि ते दिसले की वडी झाली असे मानतात. मग तिचे लहान चौकोनी तुकडे करून वाळवतात.

हे काम पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी किंवा उन्हाळ्यातल्या सर्वात तापलेल्या दिवसांत करावे, असे ये मेंगदेच्या कृतीत आहे. चिनी पंचांगात हे सगळे दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. हवा उष्ण व दमट असते आणि तिन्ही वनस्पती रसरशीत असतात. तापमापक नसलेल्या काळात मुहूर्तच तापमापकाचे काम करत होता.

पारंपरिक पद्धतीत कोणतीही निवडक बुरशी बाहेरून सोडत नाहीत. पाने, गवत, खोलीच्या भिंती आणि हवा यांतून जे येईल ते वाढते. त्यामुळे वडीत ॲस्परजिलस, रायझोपस, म्यूकर अशा बुरशा, यीस्ट आणि जिवाणू यांचा मिश्र समूह असतो आणि तो कारखान्यागणिक व ऋतूगणिक बदलतो. फूच्येन प्रांतात तर छ्वानचौ शहराच्या परिसरात कितीतरी जास्त वनस्पती घालून केलेली ‘च्येन-छू’ प्रसिद्ध आहे.

चौकट: शेन-छू थोडक्यात

- काय आहे: गव्हाचे पीठ, अझुकी, जर्दाळूच्या बीचा गर आणि तीन वनस्पतींचे रस यांची आंबवून वाळवलेली वडी
- कोण आंबवते: बुरशा, यीस्ट आणि जिवाणू यांचा मिश्र समूह
- कशासाठी देतात: धान्य व मद्य यांच्या अतिरेकाने झालेले अजीर्ण, पोटफुगी, मंद भूक
- कशी देतात: कच्ची, भाजलेली किंवा करपवलेली, काढ्यात, चूर्णात किंवा गोळ्यांत
- पारंपरिक मात्रा: काढ्यासाठी साधारण ६ ते १५ ग्रॅम
- मुख्य सावधगिरी: अयोग्य बुरशीचे विष, गव्हातील ग्लुटेन आणि काही घटकांची मूळची विषारीता

## भाजल्यावर काय उरते?

इथपर्यंतचे स्पष्टीकरण सरळ आहे: वडीत विकरे आहेत, ती पोटात जाऊन धान्य पचवायला मदत करतात. अडचण पुढे येते. चिनी औषधालयांत शेन-छू बहुधा कच्ची देत नाहीत. ती कढईत कोरडीच किंवा गव्हाच्या कोंड्याबरोबर परततात. पुष्कळदा तर बाहेरून करपून तपकिरी आणि आतून पिवळसर होईपर्यंत भाजतात. त्यावर ती काढ्यात उकळली जाते. विकरे ही प्रथिने आहेत. ओल्या अवस्थेत ७०–८० अंशांच्या पुढे त्यांची घडी मोडते आणि ती निकामी होतात. मग करपवून उकळलेल्या वडीत पचवणारे काय उरले?

विकरे जवळजवळ उरत नाहीत, हे मान्य करावे लागते. त्यामुळे शेन-छूचा परिणाम एकाच कारणाने होतो असे म्हणता येत नाही. औषध कोणत्या रूपात घेतले, यावर ते ठरते. कच्ची किंवा हलकी भाजलेली वडी चूर्ण अथवा गोळीच्या रूपात घेतली, तर काही विकरे कार्यक्षम राहू शकतात. जेवणानंतर जठरातले आम्ल अन्नामुळे काही काळ सौम्य झालेले असते. बुरशीचे अमायलेज सौम्य आम्लात चांगले काम करते, म्हणून आम्ल पुन्हा तीव्र होईपर्यंत त्याला थोडी सवड मिळते.

करपवलेल्या वडीत वेगळी द्रव्ये असतात. आंबताना तयार झालेली सेंद्रिय आम्ले, लहान साखरा आणि प्रथिनांचे तुकडे असतात. त्यांतल्या साखरा आणि प्रथिनांचे तुकडे उष्णतेने एकमेकांशी जोडले जाऊन तपकिरी, खमंग, किंचित कडवट द्रव्ये बनतात. खमंग वास आणि कडवट चव यांनी लाळ व जठररस सुटायला चालना मिळते. चीनमध्ये प्राण्यांवर झालेल्या काही प्रयोगांत करपवलेल्या शेन-छूने आतड्यांची हालचाल वाढल्याचे आढळले आहे. माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांचे पाठबळ मात्र तिला नाही.

चिनी वैद्यांनी हा फरक विकरांची कल्पना नसतानाही वापराने हेरला होता. कच्ची वडी सर्दीसोबतच्या अपचनात आणि करपवलेली वडी अन्न तुंबून जुलाब होत असताना द्यावी, असा त्यांचा संकेत आहे. त्यांच्या परिभाषेत ही वडी गोड-तिखट चवीची, उष्ण गुणाची आणि ‘प्लीहा व जठर’ यांवर काम करणारी आहे. इथे प्लीहा म्हणजे शरीरशास्त्रातला अवयव नसून अन्नाचे रसात रूपांतर करण्याची शक्ती होय.

## सोबतीने काम

शेन-छू एकटी क्वचितच दिली जाते. तिचे सर्वात परिचित सोबती दोन आहेत: जवाचे वाळवलेले मोड आणि शानचा हे लाल, आंबट, बोराएवढे फळ. तिन्ही करपवून एकत्र दिली की त्या संचाला ज्याओ-सान-शिएन म्हणतात. कामाची वाटणी ठरलेली आहे. शानचा मांस आणि चरबीसाठी, जवाचे मोड पिष्टमय पदार्थांसाठी आणि शेन-छू धान्य व मद्य यांच्या जुन्या साठ्यासाठी. जवाच्या मोडांतही अमायलेज असते, त्यामुळे ही वाटणी निदान अंशतः रसायनशास्त्राशी जुळते.

जू दानशी (१२८१–१३५८) या वैद्याच्या परंपरेतली बाओ-हे-वान ही गोळी आजही चीनमध्ये विकली जाते. तिच्यात ६ भाग शानचा आणि २ भाग शेन-छू असते. त्यांच्या जोडीला पिनेलियाचा कंद, फूलिंग नावाचे भूछत्र, संत्र्याच्या जातीच्या फळाची सुकी साल, फोर्सिथियाचे फळ आणि मुळ्याचे बी घालतात. साल व मुळ्याचे बी पोटातला वायू सरकवतात, असे मानले जाते. पचन म्हणजे केवळ तोडणे नव्हे, तर पुढे ढकलणेही आहे, हे या मिश्रणाच्या रचनेत गृहीत धरलेले आहे.

## जपान, अमेरिका आणि भारत

छूचे तंत्र पूर्व आशियात पसरले आणि जपानमध्ये ‘कोजी’ या रूपात रुजले. कोजीत मिश्र समूहाऐवजी मुख्यतः ॲस्परजिलस ओरायझी ही एकच बुरशी वाढवतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने (१८५४–१९२२) यांनी अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर ही बुरशी वाढवून तिच्यातले पिष्ट तोडणारे विकर वेगळे केले आणि १८९४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पार्क-डेव्हिस कंपनीने ते ‘टाका-डायस्टेज’ या नावाने अजीर्णावरचे औषध म्हणून विकले. गव्हावर बुरशी वाढवायची आणि तिची विकरे अजीर्णावर वापरायची, हे शेन-छूमागचे तत्त्व अशा रीतीने आधुनिक औषधशास्त्रात आले. भारतातल्या औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या कित्येक पाचक गोळ्या व सिरपवर ‘फंगल डायस्टेज’ असे छापलेले असते. ते बुरशीपासून मिळवलेले असेच विकर होय.

भारतात छूशी जवळचे नाते सांगणाऱ्या वड्या हिमालयात आणि ईशान्येकडे आढळतात. सिक्कीम व दार्जिलिंगकडची ‘मर्चा’ तांदळाच्या पिठात वनस्पती मिसळून, नेच्याच्या पानांवर मांडून आंबवतात, आणि तीही बुरशी व यीस्ट यांचे मिश्रण असते. आयुर्वेदातली आसवे-अरिष्टे मात्र निराळ्या तत्त्वावर बनतात. द्राक्षासव किंवा कुमारीआसवात गूळ वा मध असतो, म्हणजे साखर तयारच असते. त्यामुळे तिथे बुरशीची गरज पडत नाही. धायटीच्या फुलांसोबत आलेले यीस्ट पुरते. शिवाय आसव हे मद्यांश असलेले द्रव औषध आहे, तर शेन-छू कोरडी वडी आहे.

## धोके आणि मर्यादा

रानटी बुरशीवर सोपवलेल्या कृतीत पहिला धोका चुकीच्या बुरशीचा असतो. ॲस्परजिलस ओरायझीची जवळची नातलग ॲस्परजिलस फ्लेव्हस ही अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असून त्याने कर्करोग होऊ शकतो, आणि भाजल्याने किंवा उकळल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे घरच्या पिठाला किंवा पावाला आलेली बुरशी पाचक समजून खाणे धोक्याचे आहे. हिरवट, काळी किंवा कुबट वासाची वडी कारागीरही टाकून देतात. अलीकडे निवडक, तपासलेल्या बुरशा सोडून नियंत्रित खोलीत शेन-छू बनवण्याकडे कल वाढला आहे.

दुसरा धोका घटकांचा. जर्दाळूच्या कडू बीत अमिग्डालिन असते आणि त्यापासून हायड्रोजन सायनाइड सुटू शकते. झँथियमच्या बिया व कोवळी रोपे यकृताला विषारी असतात. शेन-छूमध्ये यांचे प्रमाण कमी असले, तरी मापात चूक झाली तर ते महागात पडू शकते. वडीचा मुख्य भाग गव्हाचा असल्याने ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिॲक रुग्णांनी ती घेऊ नये. चिनी वैद्यकात जवाचे मोड व शेन-छू स्तनपान थांबवण्यासाठीही वापरले जातात, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या मातांना ती सहसा देत नाहीत. गरोदरपणातही ती जपून वापरावी, असा संकेत आहे.

शेन-छूचा पारंपरिक उपयोग मुख्यतः जास्त किंवा जड खाण्याने झालेल्या तात्पुरत्या अजीर्णापुरता आहे. सतत दुखणारे पोट, घटणारे वजन, शौचातून रक्त जाणे किंवा गिळताना होणारा त्रास ही अजीर्णाची साधी लक्षणे नव्हेत. त्यांची कारणे तपासणीनेच कळतात आणि तिथे कोणत्याही पाचकाने वेळ काढणे योग्य नाही.